शिशाच्या गोळीवरचं ल्यूब: हवं कुठं आणि पुसायचं कुठून

१८५७ ची चरबीची काडतुसं आपण सगळेच शाळेत शिकलोय. गाईची की डुकराची, दातानं तोडायची, बराकपूर, मंगल पांडे, २९ मार्च, सगळं पाठ. पण काडतुसाला मुळात चरबी लावायचीच कशाला हे कुणी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही, पेपरात येणार नव्हतं ना ते. खरं तर कारण निव्वळ तांत्रिक होतं आणि ते आजही तसंच लागू आहे. अमेरिकेत हजारो लोक आपल्या गॅरेजमध्ये बसून शिशाच्या गोळ्या ओततात आणि त्यांना मेण, ग्रीस असलं काहीतरी लावतात, त्यालाच ल्यूब म्हणतात. आणि मग त्यातलं निम्मं डोकं खर्च होतं ते लावण्यात नाही, तर जास्तीचं पुसण्यात. हा लेख त्या पुसण्याबद्दल आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कमेंटात गोंधळ नको. भारतात लायसन्सशिवाय काडतूस बनवणं किंवा भरणं हा आर्म्स ॲक्ट १९५९ खाली गुन्हा आहे, घरी करून बघायचा प्रयोग नाहीये हा. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्र सरकारचं लायसन्स लागत नाही, विकायची असतील तर लागतं. तिकडं हा रीतसर छंद आहे, त्याची जाडजूड मॅन्युअल मिळतात, दुकानं आहेत, आणि तिकडं राहणाऱ्या आपल्यातल्याही काही लोकांना रेंजवर जायला लागल्यावर हा नाद लागतोच, कारण तयार काडतुसांचे भाव बघून मध्यमवर्गीय मन हळहळतं.

आता मूळ मुद्दा. शिसं मऊ असतं. ३२७ डिग्री सेल्सिअसला वितळतं, म्हणजे घरी वापरायच्या शिसं वितळवायच्या छोट्या इलेक्ट्रिक भांड्यातसुद्धा आरामात. बंदुकीच्या नळीला आतून पिळदार खाचा असतात, त्याला रायफलिंग म्हणतात, गोळी त्यातून घुसत घुसत, स्वतःभोवती फिरत पुढं जाते. मागून जळत्या पावडरचा, म्हणजे बंदुकीच्या दारूचा गॅस, तापमान भयानक, दाब हजारो पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड). अशा वेळी गोळी आणि नळी यांच्यात जरा जरी फट राहिली तर तो गॅस फटीतून पुढं सुटतो, गोळीच्या कडा अक्षरशः कापत जातो आणि ते शिसं नळीला आतून चिकटतं. याला तिकडं लिडिंग म्हणतात. एकदा का नळीत शिशाचा थर बसला की नेम गेलाच, आणि तो खरवडून काढताना माणसाला आपण हा छंद का लावून घेतला असा प्रश्न पडतो.

म्हणून गोळीच्या अंगावर एक-दोन आडव्या खाचा ठेवतात आणि त्यात ल्यूब भरतात. गोळी नळीतून जाताना ते ल्यूब दाबलं जाऊन कडेला येतं, घर्षण कमी करतं आणि फटीही थोड्याफार बुजवतं. पण इथंच एक गैरसमज आहे. लिडिंग झालं की नवीन माणूस म्हणतो, ल्यूब कमी पडलं, अजून लावू. बऱ्याचदा दुखणं वेगळंच असतं, गोळी नळीच्या मानानं बारीक असते. शिशाची गोळी नळीच्या खाचांच्या मापापेक्षा साधारण ०.००१ इंचानं मोठी लागते, म्हणजे ०.३५७ च्या नळीला ०.३५८ ची गोळी. ते माप चुकलं असेल तर वर कितीही मेण फासा, काही उपयोग नाही. शिशाचा कडकपणाही बघावा लागतो. नुसतं शुद्ध शिसं फार मऊ म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी घालतात, लायमन नंबर टू नावाचं एक जुनं मिश्रण आहे त्यात ९० टक्के शिसं, ५ टक्के कथील, ५ टक्के अँटिमनी असतं. पूर्वी टायरवाल्यांकडून चाकाला लावायची शिशाची वजनं फुकटात मिळायची, तीच वितळवायचे लोक. आता कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी शिशाच्या वजनांवर बंदी आणली, आणि बादलीत जस्ताची वजनं मिसळून येतात, ती चुकून वितळली की अख्खा घाणा वाया.

परत १८५७ कडं. शिपायांना दिलेली १८५३ ची एनफिल्ड रायफल तोंडाकडून भरायची होती. काळी दारू, म्हणजे त्या काळची बंदुकीची दारू, जळाली की तिच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग घन रूपात मागं राहतो, नळीत राप बसत जातो, आणि काही फैरींनंतर पुढची गोळी गजानं ठोकून आत घालायलाही जड जातं. चरबी आणि मेणाचं मिश्रण तो राप मऊ ठेवायचं. गोळी कागदात गुंडाळलेली, गोळीकडचं टोक चरबीत बुडवलेलं, आणि दारूकडचं टोक दातानं तोडायचं. म्हणजे कागदावर बघितलं तर चरबी एका टोकाला आणि दात दुसऱ्या टोकाला. पण दहा-दहाच्या पुडक्यात एकाला एक लागून ठेवलेली काडतुसं, आपल्याकडचा उन्हाळा, ती चरबी जागच्या जागी थोडीच राहणार? अर्थात शिपायांचा प्रश्न तेवढाच नव्हता, चरबी कुणाची हा होता, आणि त्यामागं धर्म बुडवायला निघालेत ही भीती होती. २७ जानेवारी १८५७ ला सरकारनं कोरी काडतुसं द्या, शिपायांनी आपल्याला चालेल तो पदार्थ स्वतः लावावा अशी मुभा दिली, पुढं दातानं तोडायच्या ऐवजी हातानं फाडायची कवायतही आणली, पण विश्वास उडालेला होता. २४ एप्रिलला मेरठला ९० पैकी ८५ स्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला, आणि गंमत म्हणजे ती काडतुसं जुन्या पद्धतीचीच होती.

असो. ल्यूब नको तिथं गेलं तर काय होतं याचं हे इतिहासातलं सगळ्यात महागडं उदाहरण म्हणायला हरकत नाही.

आजच्या ल्यूबचे ढोबळ तीन प्रकार धरा. पहिला, निम्मं मधमाशीचं मेण आणि निम्मं ॲलॉक्स, हा एनआरए (अमेरिकेची नॅशनल रायफल असोसिएशन) फॉर्म्युला म्हणून प्रसिद्ध आहे. ॲलॉक्स म्हणजे गंज रोखायला लावतात त्या जातीचं एक मेणचट रसायन. हे मिश्रण ल्युब्रिसायझर नावाच्या यंत्रातून गोळीच्या खाचांत दाबून भरतात आणि त्याच दाबात गोळीचं मापही नीट होतं. दुसरा प्रकार पातळ ॲलॉक्सचा, ली या कंपनीचं बाटलीत मिळतं ते, रंग आणि दाटपणा काकवीसारखा. गोळ्या डब्यात घ्यायच्या, थोडं शिंपडायचं, डबा हलवायचा, मग मेणकागदावर पसरून रात्रभर वाळवायच्या. इथं अख्ख्या गोळीवर थर बसतो. तिसरा प्रकार जुना आणि बिनयंत्राचा, पसरट पॅनमध्ये गोळ्या उभ्या करायच्या, खाचा बुडतील एवढं वितळलेलं ल्यूब ओतायचं, गार झाल्यावर वडी पडली की गोळ्या एकेक करून नळकांडीनं कापून काढायच्या. काळ्या दारूवाले अजूनही मेण आणि प्राणिज किंवा वनस्पतीज तेलाचं मिश्रणच वापरतात, कारण पेट्रोलियमवालं ल्यूब काळ्या दारूच्या रापात मिसळलं की डांबर होतं नुसतं.

जास्तीचं ल्यूब कुठून येतं हे प्रकारावर ठरतं. यंत्रात दाब जास्त दिला किंवा गोळीचा तळ खालच्या पंचावर, म्हणजे यंत्रातल्या दांड्यावर, सपाट टेकला नाही तर ल्यूब तळाखाली घुसतं आणि तिथं चकती तयार होते. पॅनमध्ये तर गोळी तळावरच उभी असते, त्यामुळं तळाला पापुद्रा राहणारच. आणि पातळ ॲलॉक्समध्ये माणसाचा हात हेच कारण, बाटली पिळताना कुणालाच कमी वाटत नाही, आणि मग दोन दिवस झाले तरी गोळ्या बोटाला चिकटतात, त्यावर गॅरेजमधली धूळ, कुत्र्याचे केस, सगळं येऊन बसतं. हाच थर पातळ करायला लोक त्यात मिनरल स्पिरिट, म्हणजे आपल्याकडचं रंगाचं थिनर असतं साधारण त्या जातीचं, थोडं मिसळतात आणि एक जाड थर देण्याऐवजी दोन अगदी हलके थर देतात. गोळी नुसती किंचित पिवळसर दिसली पाहिजे, तपकिरी दिसली की समजायचं हात सैल सुटला.

बरं, राहिलं थोडं जास्त, बिघडलं काय? यात तीन जागा वेगवेगळ्या बघायला लागतात.

तळ. गोळीचा तळ केसच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांडीच्या, आत पावडरकडं तोंड करून बसतो. तिथलं मऊ ल्यूब पावडरचे कण धरून ठेवतं, आणि उन्हात उभ्या गाडीत काडतुसं राहिली तर ते मऊ होऊन आणखी आत सरकू शकतं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ डिग्रीला वितळतं पण त्यात तेल मिसळलं की ते त्याच्या बरंच आधी ढिलं पडतं. भिजलेली पावडर नीट जळली नाही तर बार कमजोर पडतो, आणि अगदीच वाईट म्हणजे गोळी नळीतच अडकते. मागून दुसरी झाडली तर नळी फुटते. म्हणून तळ कोरडा हवा, याला अपवाद नाही.

नाक, म्हणजे गोळीचं पुढचं टोक. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही आणि माझ्या मते सगळ्यात घातक तेच आहे. गोळी केसमध्ये दाबून बसवायला सीटिंग डाय असते, तिच्या आत एक दांडा गोळीच्या नाकावर टेकतो आणि तिला ठरावीक खोलीपर्यंत ढकलतो. नाकावर ल्यूब असलं की प्रत्येक गोळीगणिक त्यातलं थोडं त्या दांड्याच्या वाटीत जमा होतं. पहिली गोळी बरोबर मापाची बसते, पन्नासावी जरा खोल, शंभरावी आणखी खोल. सेटिंगला कुणी हात लावलेला नसतो, यंत्र तेच, माणूस तोच, आणि काडतुसाची लांबी मात्र हळूहळू कमी होत चाललेली. मोठ्या रिव्हॉल्व्हर केसमध्ये, समजा .३८ स्पेशल, जिची केस काळ्या दारूच्या जमान्यातली म्हणून आत भरपूर मोकळी जागा, तिथं याचा फार फरक पडत नाही. पण ९ मिमी पिस्तुलाच्या काडतुसाची केस इवलीशी. तिथं गोळी थोडी खोल गेली तरी आतली जागा एकदम आक्रसते आणि दाब झपाट्यानं चढतो, आणि या काडतुसाची अमेरिकन मर्यादा आधीच ३५,००० पीएसआय आहे, .३८ स्पेशलच्या १७,००० च्या दुप्पट. म्हणून अनुभवी माणूस काय करतो, दर दहा-वीस काडतुसांनी कॅलिपर लावून लांबी मोजतो, आणि आकडा सरकायला लागला की सेटिंग फिरवत बसत नाही, डाय उघडतो, दांडा बाहेर काढतो, त्यातून शिशाच्या करड्या कणांनी मळलेली मेणाची गोळी टोकरून काढतो, चिंधीनं पुसतो आणि परत बसवतो. सेटिंग फिरवून भागवलं तर पुढं कधीतरी ती मेणाची चकती निघून पडते आणि मग माप उलट्या बाजूला जातं. म्हणजे दोन्हीकडून मार.

तिसरी जागा केसच्या बाहेरची बाजू आणि तोंड. गोळी बसताना केसचं तोंड पुरेसं रुंद केलेलं नसेल तर कड गोळीला तासते, आणि ल्यूब आणि शिशाच्या किसाचं एक कडं केसच्या तोंडाशी तयार होतं. ९ मिमी आणि .४५ एसीपी ही काडतुसं चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, केसच्या तोंडावरच टेकतात, त्यामुळं ते कडं मध्ये आलं की काडतूस पूर्ण आत बसत नाही आणि स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागं-पुढं सरकणारा वरचा भाग, अर्धवट उघडी राहते. हे ओळखायला लोक नळी पिस्तुलातून काढून हातात धरतात आणि काडतूस वरून आत सोडतात, टप्पकन आवाज करून बसलं आणि उलटं केल्यावर आपोआप बाहेर पडलं तर ठीक. शिवाय केसच्या अंगाला तेलकटपणा राहिला तर अजून एक भानगड असते. बार उडाल्यावर पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरतं आणि मागं येणारा जोर काही अंशी स्वतः झेलतं, भिंत ओशट असेल तर ही पकड सुटते आणि सगळा जोर काडतुसाला मागून अडवणाऱ्या बोल्टवर जातो.

आता पुसायचं कसं. पुसण्याची खरी वेळ गोळी केसमध्ये बसवण्याआधीची. जुन्या टीशर्टचा तुकडा टेबलावर पसरायचा, त्यावर मिनरल स्पिरिटचे काही थेंब, नुसतं ओलसर, निथळणारं नको. गोळी नाकाला धरायची, तळ त्या फडक्यावर टेकवून एकदा गोल फिरवायची, झालं. तळ चकचकीत करड्या शिशाचा दिसला पाहिजे. पाच-सहा गोळ्यांनंतर फडक्याची जागा बदलायची, नाहीतर तुम्ही ल्यूब पुसत नसता, एका गोळीवरचं दुसरीवर नेत असता. नाकावर असेल तर तेही तसंच, पण अंगावरच्या खाचांना हात लावायचा नाही, तिथलंच तर हवंय. काही लोक हे काम जास्त आहे म्हणून सगळ्या गोळ्या थिनर शिंपडलेल्या मक्याच्या भुशात टाकून टंबलरमध्ये, म्हणजे घुसळून साफ करायच्या यंत्रात, फिरवतात, त्यात खाचांमधलंही निघून येतं, मग परत ल्यूब लावा. शहाणपणा कशात आहे ते तुम्हीच ठरवा.

पॅनवाल्यांसाठी सोपी युक्ती म्हणजे वडी पूर्ण कडक व्हायच्या आधी घाई करायची नाही. अर्धवट गार वडीतून गोळी ओढली तर खाचेतलं ल्यूब मागं राहतं आणि तळाला मात्र फरपटत येतं. थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली की स्वच्छ सुटते. घरातल्या जेवणाच्या फ्रिजमध्ये नाही हं, शिसं आहे ते.

काडतूस तयार झाल्यावर बाहेरून पुसायचं असेल तर परत तेच ओलसर फडकं, केस आणि गोळीचा जोड जिथं आहे तिथं एकदा फिरवायचं आणि लगेच कोरड्या फडक्यानं टिपायचं. ओतून बुडवून धुणं हा प्रकार अजिबात नको. मागं प्रायमर, म्हणजे पावडर पेटवणारी टिकली, बसलेला असतो, त्याच्या कडेनं पातळ द्राव किंवा आत झिरपणारं तेल गेलं तर तो मरू शकतो. गंजलेल्या नटबोल्टवर फवारायचे स्प्रे तर काडतुसांच्या जवळपासही नकोत.

तयार काडतुसं टंबलरमध्ये फिरवावीत का यावरून तिकडं वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. एक पक्ष म्हणतो कारखानेही फिरवून साफ करतात, थोडा वेळ फिरवली तर काही होत नाही. दुसरा म्हणतो पावडरच्या कणांवर जळण्याचा वेग आवरणारा लेप असतो, तो घासला गेला तर पावडर जोरात जळेल. दोघांच्या बाजूनं जोरजोरात बोलणारे भरपूर. मला एवढंच वाटतं की पन्नास काडतुसं फडक्यानं पुसायला जेमतेम एक चहा थंड होईल एवढा वेळ लागतो, तेवढ्यासाठी हा वाद अंगावर घ्यायचाच कशाला.

पण एका जातीच्या काडतुसावरचं ल्यूब पुसायचं नसतं, आणि ती जात आपल्याला सगळ्यात ओळखीची आहे. .२२ लाँग रायफल. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, स्वप्निल कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी ब्राँझ घेतलं, ते याच काडतुसाचे प्रकार. .२२ मध्ये गोळीची जाडी केसच्या बाहेरच्या मापाएवढीच असते, त्यामुळं ल्यूबच्या खाचा केसच्या आत लपत नाहीत, उघड्यावर असतात. डब्यातून काढलं की बोटाला मेणचट लागतं ते कारखान्यातनं मुद्दाम लावलेलं ल्यूब असतं. रेंजवर नवीन आलेली मुलं कधीकधी नीटनेटकेपणाच्या भरात ते पुसून ठेवतात, आणि मग ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा घोळका, का पसरला म्हणून रायफलीकडं संशयानं बघतात. ब्रँड बदलला की सुरुवातीच्या काही गोळ्या नुसत्या नळीला नव्या ल्यूबची सवय व्हावी म्हणून झाडतात, इतका त्याचा परिणाम असतो. इथं एकच काळजी, काडतूस खाली वाळूत पडलं तर ते बाजूला टाकायचं, कारण त्या मेणाला चिकटलेले वाळूचे कण नळीतून जाणार. पुसून घालायचं नाही आणि न पुसताही घालायचं नाही.

शिशाबद्दल थोडं. पुसलेल्या फडक्यात ल्यूबबरोबर शिसंही असतं, ते फडकं घरच्या धुण्यात जाता कामा नये. हातमोजे घालायचे, टेबलावर चहाचा कप नको, काम झालं की हात साबण आणि गार पाण्यानं धुवायचे, लहान मुलं त्या खोलीत नकोत. थिनरनं भिजलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकायचं नाही, बाहेर पसरून वाळू द्यायचं. आणि ओतकाम करताना मात्र खिडकी-दार उघडं आणि पंखा चालू, यात दोन मतं नाहीत.

गेल्या काही वर्षांत या सगळ्या मेणचट कारभाराला कंटाळून बरेच लोक पावडर कोटिंगकडं वळलेत. पत्र्याच्या कपाटांना आणि सायकलींना देतात तोच कोरड्या पॉलिस्टर पावडरचा रंग, गोळ्यांवर हलवून बसवायचा आणि टोस्टर ओव्हनमध्ये साधारण २०० डिग्रीला वीसेक मिनिटं भाजायचा. वर कडक कवच तयार होतं, शिसं नळीला थेट लागत नाही, धूर कमी, बोटं स्वच्छ, आणि सीटिंग डायमध्ये काही साचतही नाही. लाल, निळ्या, हिरव्या गोळ्या दिसायला मजेशीर दिसतात. पण कोटिंगनं गोळीची जाडी वाढते, त्यामुळं भाजल्यावर परत माप नीट करणाऱ्या साइझिंग डायमधून काढायला लागते आणि टप्पकन बसायची ती चाचणी नव्यानं करायला लागते. काळ्या दारूवाल्यांना मात्र याचा उपयोग नाही, त्यांना राप मऊ ठेवायला मेण-तेलच लागतं, म्हणून त्यांची टीशर्टची चिंधी आणि थिनरची बाटली टेबलावर अजून आहे.